वखारीतलं उसनं

तोबायस साहेबाचं पुस्तक आलं
अकरा महिन्यांनी, बनातीच्या गठ्ठ्यात.
उघडलं तर अर्ध्याला वाळवी,
उरलेल्यात रोमच्या पोपाला शिव्या.
साहेब उभ्यानेच वाचत सुटला.
राजापुरात त्याच्याशी भांडायला कोणी नव्हतं.

मग भरतीबरोबर जैतापुराहून होडी आली.
तीत पाद्री इनास, चौलहून गोव्याला निघालेला,
अंगात हिवताप, पायांत वहाण एकच.
वारा फिरेतो वखारीच्या पडवीत पडून राहिला.

याला फिरंगी येईना, त्याला इंग्रजी.
मधे मी, शांबा शेणवी,
बंदरावर उचललेली बोली घेऊन.
तीत शब्द एवढेच :
माल, वजन, तूट, भेसळ, जकात.

साहेब म्हणाला, विचार त्याला,
मंत्र म्हटल्यावर पावाचं मांस होतं ना?
मी विचारलं, मालाचा माल बदलतो,
मग वजन का बदलत नाही?
पाद्री म्हणाला ते मी असं सांगितलं :
गोण तीच, शिक्का तोच, आतला धनी वेगळा.
साहेबाने टेबलावर मूठ आपटली.
मिरीचे चार दाणे उडाले, ते मी वेचले.

मला भांडण कळत नव्हतं.
आमचा भट मातीच्या गणपतीत प्राण घालतो,
दीड दिवसाने काढूनही घेतो,
आणि दक्षिणेवरून सोडून
कोणी हुज्जत घालत नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबाने पुस्तकातलं ठेवणीतलं काढलं :
देवघरातला तो पाव उंदराने खाल्ला,
तर उंदराच्या पोटात काय गेलं?
पाद्री खूप वेळ खोकला.
मग वाळवीच्या भोकांकडे बोट करून म्हणाला,
आणि हिने काय खाल्लं? कागद,
की तुझं सत्य?

साहेब माझ्या तोंडाकडे बघत होता.
मी म्हणालो, पाद्री म्हणतात,
पुस्तकाला कडुलिंबाचा पाला घाला,
पावसाळा जवळ आलाय.
साहेब म्हणाला, माणूस वाईट नाही.

ताप उतरेना. एका रात्री पाद्रीने मला हाक मारली.
त्याला पूजा करायची होती, शेवटची असेल,
आणि पाव गव्हाचाच लागतो,
तांदळाचा चालत नाही म्हणे.
आमच्या मुलखात गहू कुठला?
होता तो एका पिंपात, साहेबाच्या कुलपाखाली.

मी दारात उभा राहून सगळं सांगितलं,
या खेपेस एक शब्दही न बदलता.
साहेब दिवा मोठा करून बराच वेळ बसला.
मग किल्ली काढली.
मोजून पावशेर. वर हाताने थोडं आणखी.
म्हणाला, लिहून ठेव.

पाद्री इनासला नदीपलीकडे आंब्याखाली पुरलं.
साहेब लांब उभा होता, टोपी हातात,
ओठ हलत होते. ते कुठल्या बाजूचं, मी ऐकलं नाही.

वर्षअखेर सुरतेहून हिशेब तपासायला कारकून आला,
एका ओळीवर नख ठेवून थांबला.
गव्हाचं पीठ, पावशेर, पाद्रीस, उसनं.
पुढे रकाना : मालाचं काय झालं?

दोन्ही उत्तरं मला पाठ होती.
मी दौत पुढे ओढली,
आणि बोरू नुसता
बुडवत राहिलो.