सुनेला रडवणारा बटाटा

कुस्को शहराच्या शेवटच्या बसथांब्यापलीकडे,
टायरच्या दुकानामागे आमचं शेत.
अकरा सऱ्या बटाटा, बांधाला मका,
कोपऱ्यात गिनीपिगांपुरती लसूणघास.
सासूबाई, निकासिया तुपायाची,
टाचेनं माती दाबून सांगतात पाणी कधी द्यायचं.
घड्याळ त्यांना कळतं. पटत नाही.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात
एक बटाटा ठेवला, काळा-जांभळा,
आल्याच्या कुडीसारखा गाठीगाठींचा.
म्हणाल्या, सोल.
त्याचं नावच सुनेला रडवणारा.
मी औषधाच्या दुकानात वाढलेली,
निम्मा बटाटा सालीबरोबर गेला.
त्या बोलल्या नाहीत. सालं गिनीपिगांना घातली.

सूर्य इथे उत्तरेकडून चालतो,
आणि उत्तरेलाच ती इमारत.
दुसरा मजला चढला तेव्हा सावली चार पावलं आत आली.
तिसऱ्याला सात.
चौथ्यावर अजून नुसत्या सळया.
दर जूनमध्ये सासूबाई पावलं टाकून मोजतात,
जणू खंड कुणाकडून तरी वसूल व्हायचाय.
सावलीतलं दव दहापर्यंत गोठलेलं.
तिथला मका गेला, बाकला कसाबसा तग धरून.

सावडीला पूर्वी सात घरं यायची.
एलियासारनं जमीन विकून टॅक्सी घेतली,
तरी रविवारी येतो,
टॅक्सी बांधाला लावतो, बूट डिकीत ठेवतो
आणि अनवाणी पायनांगरावर उभा राहतो.

मंगळवारी धाकट्या दिरांनी नोटरीकडे नेलं.
कागदावर एक रकाना होता. मी वाचला:
मोकळी जागा.
काय जागा? सासूबाईंनी विचारलं.
मोकळी, म्हटलं.
त्यांनी पाठीवरच्या फडक्याची गाठ सोडली
आणि शिक्क्यांच्या मधोमध
एकेक बटाटा मांडत गेल्या,
पुमाचा पंजा, लाल शिंगाचा, म्हाताऱ्याचा गुडघा,
शेवटी तो, माझा.
माती सांडली. नोटरीनं कागद वर धरला.
दीर बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिले.

सही पुढच्या मंगळवारवर गेली, एवढंच.

रात्री वर्तमानपत्र पसरून मी तो सोलला.
साल इतकी पातळ निघाली
की तिच्याखालचा प्लॉटांचा भाव वाचता येत होता.
किती लिहिलंय? त्यांनी विचारलं.
मी आकडा सांगितला.
त्या थोडा वेळ सालीकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या,
पहाटे चारला पाण्याची पाळी आपली आहे,
कंदिलात तेल बघून ठेव.