कुंद्याचा डबा

कुंद्याच्या रिकाम्या डब्यात स्क्रू,
लग्नपत्रिकांचे नमुने सारून टेबलावर
मदरबोर्ड.
पेस्ट मुगाएवढीच घाला काका, इराप्पा म्हणाला,
जास्त झाली की कडेनं वर येते.
रॅम बसवताना माझा हात थांबला.
एवढा जोर? मोडंल की रे.
दाबा.
टक्.

तेवढ्यात वडगावचे माग गप्प झाले,
म्हणजे लाइट गेली.
चहा आला, चहा संपला, लाइट नाही.
अंधारातच त्यानं विचारलं,
सिस्टीम कुठली घालू? फुकटची घ्या,
व्हायरस येत नाही बघा.
आणि माझे फाँट?
एकोणीस वर्षांच्या पत्रिका त्या जुन्या फाँटात,
दुसरीकडे उघडल्या की
चि. सौ. कां.च्या जागी नुसते चौकोन.
मग दोन्ही घालू. डिस्कची वाटणी करू.
वाटणी म्हटल्यावर मी हसलो, तोही हसला.
या शब्दावर शहापुरात
दुकानाच्या वेळेत कुणी बोलत नाही.

साडेसहाला पंखा फिरला.
पडद्यावर पहिला प्रश्न: भाषा निवडा.
यादी लांब, माऊस एकच, तोही त्याच्या हातात.
माझ्याकडे बघून त्यानं इंग्रजी दाबलं.
कीबोर्ड दोन्ही घालतो, काळजी नको.

पहिली पत्रिका खानापूरच्या नवऱ्याची,
नवरी बैलहोंगलची.
एका पानावर मी काना-मात्रा बघितल्या,
दुसऱ्यावर त्यानं.
आयतु, म्हणाला.
डब्यात एक स्क्रू उरलेला.
कुठला, त्यालाही ठाऊक नाही.
असू दे, मशीन चालतंय न्हवं.