एकसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न

ठराव मीच लिहिला होता. निळी शाई, वळणदार अक्षर,
शेवटी तारीख, आणि खाली रेघ मारून: बहुमताने संमत.
एकसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न.

वाद पेल्याचा होता.
प्रभुभोजनाला सगळ्यांनी एकाच पेल्याला ओठ लावायचे,
की ज्याने त्याने आपापला छोटा ग्लास घ्यायचा.
साथीनंतर लोक बिचकत होते.
मी उभा राहिलो. म्हणालो, एक पेला म्हणजे ऐक्य.
इतकं सुंदर बोललो
की पुढच्या रविवारी अर्धी बाकं रिकामी.

सुमंत दुशिंग गेला. त्याची हर्षलता गेली.
ऑर्गन वाजवणारी त्यांची पोर गेली.
पारधेमावशीही गेल्या,
चाळीस वर्षं तो पेला चिंचेने घासणाऱ्या,
आणि मत ग्लासांना देऊन आलेल्या.
पेला आमच्याकडे राहिला.
काळवंडला.

घोरपडीच्या फाटकाशी
मी या बाजूला स्कूटरवर, सुमंत त्या बाजूला सायकलवर,
मधून मालगाडी.
मी डबे मोजायचो. तोही मोजत असावा.
फाटक उघडलं की दोघांनाही एकदम घाई.

रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना करायचो, नेमाने,
की प्रभू, त्यांना सद्बुद्धी दे.
एकदा लाइट गेली,
आणि अंधारात मला माझा आवाज ऐकू आला:
मीटिंगमधलाच, घसा खाकरून, मुद्दा क्रमांक तीन.
मी देवाकडेही मत मागत होतो.

त्यानंतर पुष्कळ दिवस नुसता बसायचो.
शब्द नाहीत. गुडघा ठणकायचा.
बायको म्हणायची, झोपा आता.
मग कधीतरी एक वाक्य आलं, इवलंसं.
मी चुकलो, असं नव्हे; तेवढं धाडस कुठलं.
फक्त: सुमंत कसा असेल?

ते जमतात पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर.
गुरुवारी लाइट नसते, गिरणी बंद असते,
म्हणून त्यांची भक्ती गुरुवारी.
यावर मी पूर्वी विनोद करायचो.
शेवटचं भोजनही गुरुवारीच झालं होतं,
हे जिना चढताना आठवलं.

चपला काढल्या. पायरीवर पिठाचा थर,
त्यात कितीतरी पावलं, त्यात आता माझीही.
सतरंजीवर कोणी वळून पाहिलं नाही;
फक्त पारधेमावशी जराशा सरकल्या,
बसमध्ये सरकतात तशा.

प्रभूची प्रार्थना सुरू झाली.
मी 'भाकर' म्हणालो, ते 'अन्न' म्हणाले.
दोन शब्द एकमेकांना धडकले, मी थांबलो,
तेही थांबले,
आणि त्या फटीतून खालच्या जात्याचा,
ज्वारीचा, थंड झालेल्या दगडाचा वास वर आला.
तो दोन्ही शब्दांना पुरला.
मग कोणीतरी पुढची ओळ धरली,
ऋण सोडण्याची,
ती सगळ्यांची सारखीच निघाली.

ट्रे फिरला.
ग्लास मोजून ठेवलेले, औषधाच्या मापाएवढे,
माझ्याआधीच संपले.
मी हात मागे घेतला. म्हटलं, राहू दे,
मी नुसता बसायला आलोय.

सुमंत दोन माणसं ओलांडून आला,
गुडघ्यांवर, सतरंजी चुरगाळत.
त्याचेही गुडघे वाजतात, हे मला माहीत नव्हतं.
त्याच्या ग्लासात अर्धा घोट उरला होता.
पुढे धरला, आणि इतक्या हळू विचारलं
की पहिल्यांदा मला कळलंच नाही:
"उष्टं चालेल ना?"

माझ्या हातून थोडं सांडलं.
सतरंजीवर डाग पडलाय, हर्षलता म्हणाली, निघेल.

ठराव अजून वहीत आहे, माझ्याच अक्षरात.
सेक्रेटरीही मीच आहे.
त्या गुरुवारची नोंद कुठल्या मुद्द्याखाली घ्यायची,
हे मात्र कळलेलं नाही.