सड्यावर

आडिवऱ्याच्या वर, सड्यावर, एकच खोली.
किल्ली देऊन भिवा गुरव उतरून गेला.
जाताना म्हणाला, "रेंज हवी तर
त्या काजूखाली उभे राहा."

नाही राहिलो.

इथून समुद्र दिसतो, ऐकू येत नाही.
वर्षभर तू मला तशीच दिसत होतीस.

दुपारी कातळावर अनवाणी हिंडताना
करवंदीचा काटा रुतला.
बांगडीतली पिन काढून
तू माझी टाच मांडीवर घेतलीस,
चष्मा कपाळावर, जीभ दातांत.
"हलू नकोस रे."

हललो नाही.
खाली कुठलीशी होडी
बराच वेळ तिथंच होती.

काटा केव्हाच निघाला होता.
टाच तू अजून
सोडली नव्हतीस.