मंगळवारी दोनचा खेळ

डंडीत तागाच्या गिरण्या चालायच्या तेव्हाचं हे गोदाम.
आता इथं शंभर खुर्च्या, आणि आज आम्ही सात.
तिकीट फाडताना इशबेल म्हणाली, सावकाश आहे हं,
पायरी ओली आहे असं सांगावं तसं.

त्या देशाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही.
डोंगर आहेत, कुत्री आहेत, धूर आहे.
एक बाई घराचं दार बिजागऱ्यांतून उचकटते,
पाठीवर घेते
आणि नदीवर नेऊन धुते.

बस.
कॅमेरा हलत नाही. संगीत नाही.
ब्रश फिरतो, पाणी मळकं होतं, मग जरा कमी मळकं.
मी दिवसभर लोकांच्या छातीचे फोटो काढते,
श्वास धरा म्हणते, सोडा म्हणते, पुढचे या म्हणते.
कुणाकडे इतका वेळ बघणं माझ्या नोकरीत बसत नाही.

पुढच्या रांगेतला मुलगा उठून गेला.
मला फ्लॉवर आठवला, फ्रीजमधला, काळा पडत चाललेला.
पेट्री आजोबांचं कानातलं यंत्र शिट्टी वाजवू लागलं,
ते सोडून सगळ्यांना ऐकू आलं.
मग दाराच्या खालच्या कोपऱ्याशी बाईचा हात थांबला.
तिथं काहीतरी होतं. डाग, की ओरखडे,
लहान मुलाच्या उंचीवर.
कॅमेरा जवळ गेला नाही.
मी खुर्चीत पुढं सरकले, तरी नाही.

हेरंबदादाला नेलं तेव्हा मी याच गावात होते.
ओजसनं परभणीहून फोनवर दाखवलं सगळं.
हात भरून आला असेल पोराचा, फोन कलला,
आणि मला बराच वेळ दिसत राहिला
नळाखाली भरून वाहणारा तांब्या
आणि कुणाचे तरी पाय, एका करंगळीला पट्टी.
कुणीतरी म्हणालं, तिकडचं नेट गेलं का बघ रे.
गेलं नव्हतं.
मीच आवाज बंद केला होता
आणि टोस्टला लोणी लावत होते,
कारण तो भाजून झाला होता आणि गार होत होता.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
आजही सांगणार नव्हते.

शेवटी बाई दार घरी नेत नाही.
काठावर दगडांच्या आधारानं उभं करते,
भिंत नाही, चौकट नाही, पलीकडं नुसतं पाणी.
पदर नसलेल्या कपड्यालाच हात पुसते
आणि दार वाजवते.
थांबते. पुन्हा वाजवते.
अंधार होतो, नावं वर सरकायला लागतात,
दोघं जण कोट चढवतात,
आणि त्या अंधारात
आतून कडी काढल्याचा आवाज.

मी कधीपासून श्वास धरला होता कोण जाणे.

जिन्यावर पेट्री आजोबांनी माझं कोपर धरलं.
शेवटचं ऐकू नाही आलं, काही झालं का?
नाही, म्हटलं. काही नाही.
दोन पायऱ्या उतरल्यावर म्हटलं, कडी निघाली.
ते थांबले. मागचे लोक आम्हाला वळसा घालून गेले.
आत कोण होतं?

बाहेर नदीवरून वारा येत होता, टोपी उडवणारा.
बस आली. त्यांची होती.
चढताना त्यांनी ड्रायव्हरलाही काहीतरी विचारलं,
आणि ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं.