तिसरा आटा

उद्यमनगरात, फौंड्रीच्या भिंतीला लागून
दस्तगीरचाचांच्या शेडमध्ये
अडतीस सालची मॉरिस
चाकं काढून ठोकळ्यांवर बसवलीय.
येणारेजाणारे सायकल थांबवून विचारतात,
"उठंल काय हो ही?"

मी लक्ष्मीपुरीतून बोल्ट आणला,
पिवळा, चकचकीत, पुडीत दोन वॉशर फुकट.
डोक्यावर पाना अगदी बरोबर बसला.
दोन आटे बोटानं गेले.
तिसऱ्याला अडला.
मी जोर लावणार,
तोच चाचांनी मनगट धरलं.

"डोकं बघून आणलास व्हय?
हिचं डोकं इंचाचं
आन् आटे मिलिमीटरचे.
दोन आटे कुणाशीबी जुळत्यात, लेका.
तिसऱ्याला इचारायचं."

पिच गेज खिळ्याला टांगलेलं, नवंच्या नवं.
चाचा अंगठ्याचं नख आट्यांवरून ओढतात
आणि मान तिरकी करून ऐकतात.
मोतीबिंदूची तारीख दोनदा चुकवलीय त्यांनी.
डालड्याचा डबा पालथा केला पोत्यावर,
चाळत चाळत एक काळा बोल्ट उचलला.
"हिच्याच बहिणीचा. ती भंगारात गेली,
म्या एवढं ठिवून घेतलं."
तो आत गेला. शेवटपर्यंत. पान्याशिवाय.

मग मागचा ड्रम.
ऐंशी वर्षांचा गंज, शाफ्टला मिठी मारून.
मी हातोडा उचलला,
ते फक्त बघत राहिले.
मी हातोडा ठेवला.

पुलर त्यांचाच, तीन पायांचा,
ट्रकच्या पाट्यातून कापलेला.
"मधला नट पुरता काढू नगंस.
तीन आटे ऱ्हाऊ दे.
न्हाईतर सुटंल तवा तोंडावर यील."
पाव फेरा. रॉकेल.
पाव फेरा. चहा.
पाव फेऱ्याला पाना कण्हला,
तसे हात पुसत म्हणाले, "बास.
आता रात्रीला काम करू दे."

मी शेडमध्येच झोपतो.
अडीचला तोफ उडाल्यासारखा आवाज,
लेथवरचा डबा खाली,
रस्त्यावरची कुत्री एकदम गप्प.
टॉर्च मारला:
ड्रम सुटला होता,
तीन आट्यांवर निवांत लटकत.

सकाळी चाचांनी पायताण काढता काढता विचारलं,
"किती वाजता?"
"अडीच."
"लवकर सोडलं म्हणायचं."

मग खिशातून घड्या पडून मऊ झालेला
डोळ्यांच्या दवाखान्याचा कागद काढला,
माझ्यापुढं धरला.
"वाच बघू.
कधीची तारीख हाय?"