पान तीनशे बारानंतर

डिसेंबर सरत आला की बिस्किटाचा पत्र्याचा डबा
वाचनालयाच्या टेबलावर येतो.
झाकणाला पेचकसानं पाडलेली चीर,
वर खडूनं माझं अक्षर : यंदाची आवडती अद्भुत कादंबरी.
एक सभासद, एक चिठ्ठी.

सभासद एकसष्ट. वाचणारे त्यातले वीस-एकवीस,
बाकीचे मोबाइल चार्जिंगला लावून
पेपरातलं हवामान बघतात
आणि दारव्ह्याची एसटी वाजली की उठतात.

यंदा चिठ्ठ्या निघाल्या एकोणीस.

चार 'उलट्या नदीचं राज्य'ला.
लाइनमन गुणवंत ढोबळे म्हणतो,
नदी डोंगर चढते, त्याचं मले काई नवल नाई.
पण राजाच्या महालात चोवीस तास उजेड?
थे लेखकानं मनचंच लिहेल हाय.

तीन 'मिठाची राणी'ला, त्यातल्या दोन एकाच अक्षरात.
दुर्पताबाई लपवत नाहीत :
एक माही, एक सुनेची.
तिनं वाचलं नाई, पण म्या तिले सारं सांगतलं
भाकरी थापता थापता, राणी विरघळते तिथपर्यंत.
तवा करपला त्या दिवशी.
चिठ्ठी मी धरली.
नियमात बसत नव्हती, म्हणून नियम बदलला,
रजिस्टरच्या समासात, पेन्सिलीनं.

एक कोरी.

उरलेल्या अकरा.
अकराही 'तेराव्या चंद्राचा सुतार'.

डबा मी पालथा करून ठोकला,
काही चुकलं असेल म्हणून.
कारण त्या पुस्तकाला शेवटच नाही.
पान तीनशे बारावर सुतार दारापाशी पोचतो,
कडीला हात लावतो,
आणि पुढं वाळलेला डिंक, दोऱ्याची दोन टोकं.
सोळा पानं. कधी गेली, कोणी नेली,
दाखल क्रमांक अठराशे सत्तेचाळीससमोर
कसलाच शेरा नाही.

मग ह्या अकरा जणांनी वाचलं काय?

पऱ्हाटीच्या शेकोटीपाशी एकेकाला धरलं.
शेख मुनाफ वेल्डर हात शेकत म्हणाला,
दार उघडतच नाई, भाऊ. बिजागरी बाहेरून जाम हाय.
मले तर पयल्या पानावरच समजलं होतं,
सुतारालेच समजलं नाई.

नववीतली रंजिता आत्राम म्हणाली,
आत त्याची बहीण आहे, वारलेली.
ती तेवढीच राहिली, सर. हा म्हातारा झाला.
आता तिला कडेवर घ्यावं
की ताई म्हणावं, तिथं संपते.

उकंडा कंपाउंडर, रिटायर होऊन सहा महिने झालेले,
बराच वेळ काडीनं राख उकरत बसला.
आत कोणी नाई, म्हणाला.
त्याचीच खाट. अंथरूण घालेल.

असे अकरा.
पानं नाहीत, असं एकानंही म्हटलं नाही.
सांगताना कोणी अडखळलं नाही,
मुनाफनं तर संवादही म्हणून दाखवले.

आता माझी अडचण.
अनुदानातून उरलेल्या पैशात
मी नागपूरहून त्याच पुस्तकाची पूर्ण प्रत मागवली होती,
निकालाच्या आधी, चांगलं काम म्हणून.
ती मंगळवारी आली. कंडक्टरनं खिडकीतूनच दिली,
सुतळी बांधलेली, एका कोपऱ्यानं चेमटलेली.
तीन दिवस ती कपाटात, वजनकाट्याच्या जुन्या हिशेबवह्यांखाली.

फळ्यावर निकाल लिहीत होतो
तेव्हा रंजितानं मागून विचारलं,
सर, ते पार्सल त्याचंच आहे ना?
मी म्हटलं, हो.
त्यात वेगळं असलं तर?

खडू तसाच राहिला बोटात.
बाहेर कोणी तरी तुरीचं पोतं ओढत होतं,
त्याचा आवाज दारापर्यंत आला नि पुढं गेला.

मग रजिस्टर उघडलं.
नव्या ओळीत नवा क्रमांक टाकला, बावीसशे नव्वद.
नाव तेच. लेखक तोच. पृष्ठे तीनशे अठ्ठावीस.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
निराळी कादंबरी. मतदान पुढल्या वर्षी.

रंजितानं ते उलटं वाचलं, माझ्या समोरून,
आणि म्हणाली, माझं मत जुनीलाच.